एका कडीला दोन कुलपं

“ज्योतीरामनं म्हणे पिंपरीला… आन म्हातारीला म्हणे…”

एवढंच माझ्या कानावर आलं आणि वाक्य तिथंच तुटलं. सांगणारी होती शेजारची छबूबाई, ऐकणारी तिची जाऊ विमलबाई. दोघी आमच्या अंगणाच्या कुंपणाला टेकून उभ्या होत्या. तेवढ्यात गोठ्याकडून शेणाची पाटी घेऊन सरुबाई आली. छबूबाईनं पुढचं सगळं पदराच्या टोकासकट तोंडात कोंबलं आणि म्हणाली, “सरू, वाईच विरजण हाय का गं?”

हातात भांडं नव्हतं. विरजण ती काय ओंजळीत नेणार होती?

आता तुम्ही म्हणाल, एवढं बारीक बघणारी तू कोण? तर मी कडी बोलतेय. कुरुळीत सरुबाईच्या घराला जी ओटी आहे, त्या ओटीवरच्या खोलीच्या दाराला बाहेरून लावलेली लोखंडी कडी. दार आत उघडलं की त्याच्याबरोबर मीही आत जाते, दार मिटलं की पुन्हा ओटीवर. त्यामुळं आतलंही थोडं दिसतं, बाहेरचं तर सगळंच. लोखंडाला आवाज चटकन लागतो, आणि ओटीवर टांगलेल्या जिवाला आल्यागेल्याकडे बघण्यावाचून दुसरं काम तरी काय? याला कुणी चोंबडेपणा म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

माझा जन्म मात्र कडी म्हणून झाला नाही. आधी मी सरुबाईच्या नवऱ्याच्या, कोंडीरामच्या बैलगाडीची धाव होते. लाकडी चाकावर लोखंडाचा पट्टा चढवतात ना, ती धाव. चाकणच्या बाजाराला कांदा घेऊन मी गेले, आळंदीला लग्नाची माणसं घेऊन गेले. इंद्रायणीच्या वाळूत रुतले की कोंडीराम खाली उतरायचा, चाकाला खांदा लावायचा आणि बैलांना म्हणायचा, “चला राव, घरी माणूस वाट बघतंय.” ते माणूस म्हणजे सरुबाई. गाडी वळणावर आली की माझा खडखडाट ऐकून ती चुलीवर तवा टाकायची.

मग कोंडीराम गेला. बैल विकले, गाडी मोडली. मी तेवढी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या पोटातून कोंबड्या ये-जा करायच्या. भंगारवाला दोनदा येऊन मागून गेला, पण सरुबाईनं मला दिलं नाही. “असू दे, खात न्हाई पीत न्हाई,” म्हणाली.

घरात उरली तिघं. सरुबाई, तिचा एकुलता एक मुलगा ज्योतीराम आणि सून रतन. पिंपरीला औषधांची नवी कंपनी उभी राहिली, तेव्हा ज्योतीराम तिथं कामाला लागला. पहाटे भाकरी बांधून सायकलवर टांग मारायची आणि पाळी संपवून परत यायचं. गावातली जुनी माणसं त्याला चिडवायची, “काय रं, इंजेक्शनं इकतोस का घेतोस?” तो हसायचा आणि पुढं जायचा.

एक दिवस त्यानं माझा एक तुकडा कापला आणि कोंडाजी लोहाराकडे नेला.

“ओटीवरच्या खोलीला बाहेरून कडी पायजे,” तो म्हणाला.

कोंडाजीनं भात्यावरचा हात थांबवला. “घरात आय असती ना तुझी?”

“असती.”

“मग कुणाला कोंडणार हायेस?”

“कुणाला न्हाई. तू ठोक.”

कोंडाजीनं मला लाल केलं, ठोकलं, वळवलं, माझे दुवे केले, टोकाला खाच पाडली. चौकटीसाठी कोयंडा केला आणि त्याला भोक पाडलं. ज्योतीराम म्हणाला, “भोक लई ढगळ झालं.” कोंडाजी म्हणाला, “असू दे ढगळ. माणसाचं मन आज एक म्हणतं, उद्या दुसरं. कुलूप बदललंस तर कोयंडा बदलाया नको.” खिळे दाराच्या फळीतून आरपार घालून त्यानं मागून वळवून टाकले. “ही आता दार निघंल तवाच निघंल,” असं म्हणून त्यानं माझ्यावर एक शेवटचा ठोका मारला. तो ठोका मला अजून आठवतो.

कोंडाजीनं विचारलं ते उगाच नाही. आमच्या गावात आतल्या दाराला आतून अडसर असतो, तोही रात्रीपुरता. बाहेरून कुलूप लागतं ते घरदार मिळून परगावी गेलं तरच. घरात माणूस बसलेलं असताना कुलूप घालणं म्हणजे त्या माणसावर वहीम घेणं. तोंडानं कुणी चोर म्हणत नाही, पण कुलूप म्हणतं.

मग ज्योतीरामनं असं का केलं? ते मला माहीत आहे, कारण मला बसवलं त्या दिवशी रतन अजून घरात होती आणि दार उघडं होतं.

ज्योतीराम आणि रतनच्या त्या खोलीत कोपऱ्यात गोधडीखाली फळ्या होत्या. कंपनीत परदेशातून यंत्रं येत, ती ज्या लाकडी पेट्यांतून येत त्या फोडल्या की फळ्या जळणात जायच्या. ज्योतीरामनं साहेबाला विचारून त्यातल्या चांगल्या निवडून आणल्या होत्या. त्याला पाळणा करायचा होता.

घरात पाळणा नव्हता असं नाही. होता, जुना सागवानी. मागल्या खेपेला रतनला दिवस गेले, तेव्हा सरुबाईनं तो खाली काढून, तेलपाणी करून, माजघरातल्या तुळईच्या दोन कड्यांना हौसेनं टांगला होता. रतननं टोपडं शिवलं होतं, आणि आल्यागेल्या बाईला दाखवलंही होतं. मग जे व्हायला नको ते झालं. बायका म्हणाल्या, आधीच कशाला तयारी केली, नजर लागली. सरुबाईनं पाळणा लांबच्या नात्यात देऊन टाकला. तुळईला नुसत्या दोन कड्या राहिल्या. त्या माझ्या थोरल्या बहिणीच म्हणायच्या. त्यांच्याकडे बघून सरुबाई मान खाली घालून जायची.

आता रतनला पुन्हा दिवस भरत आले होते आणि ती आळंदीला माहेरी निघाली होती. गाठोडं बांधता बांधता ती म्हणाली, “पुरा करा, पण कुणाची नजर पडता कामा न्हाई. पोर हातात येईस्तोवर कुणाला सांगायचं न्हाई.”

“आयेला तरी सांगू का?”

“आत्याबाईंना तर मुळीच न्हाई. मागल्या खेपेला त्यांनी पाळणा टांगला आन त्यांनीच उतरवला. पुन्हा त्यांना आशा लावायची आन काय झालं तर? माझ्याच्यानं बघवायचं न्हाई.”

“बरं.”

“बरं न्हाई. शब्द द्या.”

ज्योतीरामनं शब्द दिला. चिंचवडहून एक पितळी कुलूप आणलं, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. ज्या माणसाला दुखवायचं नाही म्हणून कुलूप आणलं, तेच माणूस दिवसभर त्या कुलपासमोर बसणार आहे, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. यंत्रं चालवणारी माणसंही अशी चुकतात.

पुढं रोजचा क्रम ठरला. ज्योतीराम पाळीवरून यायचा, चहा घ्यायचा, खोली उघडून आत जायचा आणि आतून अडसर घालायचा. मग ठकठक आणि खरखर. रंधा नव्हता त्याच्याकडे, कंपनीतल्या झिजलेल्या पॉलिश पेपरनं घासत बसायचा. काम झालं की बाहेर यायचा, कपडे झटकायचा, मला कोयंड्यात अडकवून कुलूप लावायचा.

सरुबाई सकाळी ओटी झाडायची तेव्हा माझ्यापाशी येऊन थांबायची. एकदा तिनं पदरानं कुलूप पुसलं. पुसता पुसता वरून बोटं फिरवली, जसं आंधळं माणूस ओळखीच्या माणसाचा चेहरा चाचपतं तसं. मग म्हणाली, “पितळी हाय.” दुसरं काही नाही.

असं असताना छबूबाई कुंपणावर किती दिवस गप्प राहणार? एका दुपारी ती पुन्हा आली. या वेळी भांडं आणलं होतं.

“सरू, मी काय म्हणते, तुझ्या कानावर घालायला कुणीतरी पायजे.”

“विरजण नेतीस ना?”

“नेते गं. पण ऐक. ज्योतीरामनं पिंपरीला खोली बघितलीय म्हणे. बिऱ्हाडाचं सामान जमवतोय. पलंगाच्या पट्ट्या आणल्या, त्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या, गोणपाटात गुंडाळून सायकलला बांधलेल्या. आन रोज आतून भांडी घासल्यावानी आवाज येतो. बाळंतपण झालं की रतन आळंदीहून परभारी पिंपरीला. तुला म्हातारीला हितं ठेवून.”

कुंपणावर तुटलेलं वाक्य हे असं पुरं झालं. खरखर पॉलिश पेपरची, पट्ट्या पाळण्याच्या. मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथं सांगितलं असतं. वाऱ्यानं जरा खुळखुळले, पण त्याचा अर्थ कोण लावतो?

सरुबाई म्हणाली, “तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगाया पायजे? घरात आय असताना खोलीला कुलूप. यात सांगायचं काय राहिलं?”

सरुबाईनं तिला विरजण दिलं. रोजच्यापेक्षा जास्तच दिलं, आणि आत निघून गेली.

त्या संध्याकाळी ताट वाढता वाढता तिनं मुलाला विचारलं, “आत काय ठेवलंय रं?”

“काय न्हाई.”

“काय न्हाई?”

“काय न्हाई गं आये. वाढ.”

एवढाच प्रश्न, एवढंच उत्तर. पण त्या ‘काय न्हाई’नं सरुबाईच्या चेहऱ्यावर काय झालं ते ओटीवरून मला दिसलं. पोर खोटं बोललं याचं तिला एवढं लागलं नसावं. न विचारता निघून जाणार, आपण एक दिवस उठू आणि ओटी रिकामी असेल, हे तिला लागलं. कोंडीराम गेल्यापासून ती ज्याला भीत होती ते दारात येऊन बसलं होतं, आणि त्याला पितळी कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी ज्योतीराम कामावर गेल्यावर ती गोठ्यात गेली. कडब्याच्या खोलीला कोंडीरामच्या वेळचं एक लोखंडी कुलूप होतं, तळहाताएवढं. ते काढून आणलं. कोंडाजीनं ढगळ ठेवलेल्या भोकातून त्याची कांब घातली आणि दाबलं. खट्. आवाज एवढा मोठा आला की कोंबड्या दचकल्या.

“तुझं काय न्हाई, तर माझंबी काय न्हाई,” ती दाराला म्हणाली, आणि किल्ली कनवटीला खोचली.

झालं. एका कडीला दोन कुलपं. एक आईचं, एक लेकाचं. आता एकट्यानं कुणालाच दार उघडता येईना. एक कुलूप शहरात जन्मलेलं, चकचकीत, जरा तोऱ्यात. दुसरं म्हातारं, गंजानं करकरणारं, कडब्याच्या वासाचं. वारा आला की दोघं एकमेकांवर आपटायची, आणि ओझं माझ्या मानेवर.

संध्याकाळी ज्योतीराम आला. सायकल टेकवली, करगोट्याची किल्ली हातात घेतली आणि तसाच उभा राहिला. म्हातारं कुलूप त्यानं ओळखलं. लहानपणी कडब्याच्या खोलीत लपला होता, तेव्हा त्याच कुलपात बापानं त्याला चुकून कोंडलं होतं.

आतून सरुबाईची हाक आली, “भाकरी वाढलीय.”

“आलो.”

बाकी काही नाही. किल्ली मागितली तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं तर रतनला दिलेला शब्द जाणार. न सांगावं, तर आईची किल्ली कनवटीहून हलणार नाही. ती म्हणत होती, तो विचारील. तो म्हणत होता, ती काढील. दोघंही कोंडीरामच्या घरची, हट्टाला पक्की. ज्योतीराम ओटीवर घोंगडी टाकून माझ्याखालीच झोपू लागला. अंगावरचे दोन कपडे धुऊन वाळवून घालू लागला, बाकीचे आतच अडकलेले. सरुबाई रोज त्याचा सदरा स्वतः धुवायची, पिळून झटकून दोरीवर टाकायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. ताट त्याच्यापुढं सरकवायची, तेही जरा आवाज करून.

आणि आत गोधडीखाली पाळणा पडला होता. तीन बाजू झाल्या होत्या, चौथी राहिली होती. बाराव्या दिवशी पोराला घालायचं कशात, ही काळजी ज्योतीरामला आतून खात होती. पाळीवर जाताना तो दाराकडे बघायचा, आल्यावर बघायचा.

शेवटी कंपनीच्या सुट्टीचा दिवस आला. दुपारची वेळ, सरुबाई मळ्यात भाजी खुडायला गेलेली. ज्योतीरामनं पिशवीतून लोखंड कापायची आरी काढली. कुणाकडून तरी मागून आणली असावी. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. कुलपं कापली असती तर आईचं कुलूप तोडल्यासारखं झालं असतं, म्हणून त्यानं पातं माझ्यावर टेकवलं.

खरं सांगते, मी घाबरले. लोहाराचा जाळ मी सोसला होता, पण तो काहीतरी घडवण्यासाठी होता. हे कापणं निराळं. पातं एकदा पुढं गेलं, माझ्या अंगावर एक पांढरी रेघ उमटली. तो थांबला. रेघेशेजारी जुनी खूण होती, इंद्रायणीच्या काठावर दगडाला घासून पडलेली. कोंडाजीच्या घणानंही ती गेली नव्हती. ज्योतीरामनं तिच्यावर अंगठा ठेवला.

“काप की,” मागून आवाज आला.

सरुबाई अंगणात उभी होती. डोक्यावर भाजीची पाटी तशीच.

“बापाच्या गाडीची धाव हाय ती. काप. जाणाऱ्याला काय, रस्ता मोकळा पायजे.”

ज्योतीरामनं आरी खाली ठेवली. “कोण जाणारा?”

“आता मीच सांगू?”

“आये, तू तुझं कुलूप काढ.”

“तू सांग आत काय हाय.”

“येळ आली की सांगीन.”

“मग मीबी येळ आली की काढीन.”

तिनं पाटी उतरवली. त्यानं आरी पिशवीत घातली. दोघं दोन बाजूंना तोंड करून बसली, आणि मी मधे, मानेवर एक कोवळी रेघ घेऊन. कुंपणापलीकडे छबूबाई डाळ निवडत होती. सूपभर डाळ होती, पण बोटं कधीची थांबली होती.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी ज्योतीराम कामाला निघायच्या बेतात होता, तोच आळंदीकडून सायकल आली. रतनचा भाऊ भैरू. धापा टाकत होता, पण तोंडभर हसू होतं. ते हसू बघूनच सरुबाई चुलीपुढून उठली.

“मावशी, मुलगी झाली. आक्का चांगली, पोर चांगली. आवाज असा की इंद्रायणीच्या पल्याड ऐकू जाईल.”

सरुबाईनं आधी हात जोडले. मग डब्यातून साखर आणली आणि भैरूच्या तोंडात घातली. ज्योतीरामच्या तोंडापर्यंत हात नेला आणि थबकली. इतक्या दिवसांचा रुसवा बोटात अडकला होता. तरी तिनं साखर घातलीच.

भैरूनं साखर गिळली, पाणी प्यायला आणि भोळेपणानं म्हणाला, “दाजी, आक्कानं इचारलंय, पाळणा झाला का? बारशाला लागंल म्हणाली.”



“कसला पाळणा?” सरुबाई म्हणाली.

भैरूनं दाजीकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि तांब्यात उरलेलं पाणी पुन्हा पिऊ लागला.

“पोर हातात आलं,” ज्योतीराम हळूच म्हणाला. “आता सांगायला हरकत न्हाई. आये, किल्ली काढ.”

“आधी तू.”

त्यानं करगोट्याची किल्ली सोडली. पितळी कुलूप लगेच उघडलं, त्याला तेवढीच घाई. सरुबाईनं कनवटीची किल्ली काढली. पण म्हातारं कुलूप काही ऐकेना. तिनं फिरवलं, ज्योतीरामनं फिरवलं, भैरूनं दम लावला. शेवटी ज्योतीरामनं सायकलच्या तेलाची बुधली आणली, दोन थेंब सोडले. सरुबाई कुलपाला म्हणाली, “चल की राव, घरी माणूस वाट बघतंय.” आणि ते उघडलं.

मी दाराबरोबर आत गेले, म्हणून पुढचं मला नीट दिसलं.

ज्योतीरामनं गोधडी बाजूला केली. पाळणा पेटीच्या फळ्यांचा, पण मऊ, हात फिरवला तर कुसळ टोचणार नाही असा. एका फळीवर परदेशी अक्षरं अर्धवट राहिली होती, ती त्यानं मुद्दाम घासली नव्हती. तीन बाजू उभ्या, चौथी शेजारी पडलेली.

सरुबाई खाली बसली. “माझ्यापास्नं लपवलंस व्हय?”

“रतननं शब्द घेतला. म्हणाली, आत्याबाईंना आशा लावायची आन काय झालं तर बघवायचं न्हाई. तुझ्यापायी लावलं गं कुलूप. तुझ्यावर न्हाई.”

सरुबाईनं पदर डोळ्यांना लावला नाही. ती तशी बाई नाही. तिनं फळीवरची परदेशी अक्षरं बोटानं चाचपली आणि विचारलं, “हे काय लिवलंय?”

“सांभाळून उचला, असं.”

“मग राहू दे ते,” ती म्हणाली. “चौथी बाजू मी धरते. तू ठोक.”

तिनं फळी धरली, त्यानं खिळे ठोकले. भैरूनं उगाच दोन सूचना केल्या, त्या कुणी ऐकल्या नाहीत. त्या दिवशी कामावर खाडा झाला.

ठोक्यांचा आवाज ऐकून छबूबाई आलीच. कुंपणाला वळसा न घालता, मधल्या फटीतून. दारात उभी राहून तिनं खोलीभर नजर फिरवली. पाळणा बघितला, दोन ट्रंका बघितल्या, कोपरे बघितले.

“आन बिऱ्हाडाचं सामान?”

“कसलं सामान, काकू?”

“पलंग. भांडी.”

“पलंग हा. भांडी म्हंजे हे.” ज्योतीरामनं पॉलिश पेपरचा तुकडा दाखवला. भैरू हसला. छबूबाईचं तोंड बारीक झालं. सरुबाई हातातली फळी न सोडता म्हणाली, “विरजण संपलं असंल ना छबू?”

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्योतीराम सरळ माणूस. एकदा खरं बोलायला बसला की सगळंच सांगून मोकळा होतो. मान खाली घालून तो म्हणाला, “आये, पण खोली मागितलीय मी. कंपनीच्या चाळीत. वर्षभरात मिळंल म्हणतात.”

सरुबाईच्या हातातली फळी हलली.

“बघ,” छबूबाई म्हणाली.

“म्हंजे जाणार तुमी.”

“जाणार. रोजची सायकल आता व्हत न्हाई गं. पाऊसपाण्यात नदी ओलांडून जायचं, तसंच परत यायचं. पोरीचं तोंड बघायलाबी येळ उरायचा न्हाई. पण मी तिघांची मागितली न्हाई. चौघांची मागितली. तू हायेस त्यात.”

सरुबाईनं दारातून अंगणाकडे बघितलं. मग म्हणाली, “कोंबड्या घेऊन येऊ का चाळीत?” हे रागानं म्हणाली की हसून, मला सांगता येत नाही. पण फळी तिनं घट्ट धरली होती. “ठोक. वाकडा बसला तो खिळा.”

बारशाला पाळणा बैलगाडीतून आळंदीला गेला. गाडी गावातल्या मारुतरावाची, मागून आणलेली. सरुबाई पाळण्याला धरून बसली होती, जणू पोर आत आहेच. रतन घरी आली तेव्हा पाळणा माजघरात तुळईच्या त्या दोन कड्यांना लागला. इतकी वर्षं मुक्या राहिलेल्या माझ्या बहिणी पहिल्या झोक्याला जी करकर करू लागल्या, ती ऐकून मला माझं गाडीतलं दिवसभराचं खडखडणं आठवलं.

आता मी जुनी झाले. पिंपरीची खोली मिळाली, ज्योतीराम आणि रतन पोरीला घेऊन गेली. सरुबाई काही कायमची गेली नाही. थंडीत जाऊन राहते, पेरणीला परत येते, आणि चाळीतल्या बायकांना मळ्यातली भाजी वाटून येते. सुट्टीला पोरं इकडं येतात, तेव्हा मी मोकळी लोंबते. निघायच्या वेळी रतन दाराकडे बघून घुटमळते. मग सरुबाईच म्हणते, “लाव. तुझी खोली हाय. तू नसताना उघडी कशाला?” पितळी कुलूप लागतं. किल्ली चुलीशेजारच्या खुंटीला, सगळ्यांना दिसेल अशी टांगलेली. म्हातारं कुलूप कडब्याच्या खोलीत परत गेलंय. रुसलं नसावं.

परवा छबूबाईकडे पाहुणे आले. ती म्हणाली, “सरू, तुझी ओटीवरची खोली नुसतीच बंद पडलीय. दोन रातींसाठी उघड की.”

सरुबाई म्हणाली, “माजघरात झोपव. कितीबी झोपव, मी ओटीवर पडते. ती खोली रतनची हाय. तिला इचारल्याबिगर न्हाई.”

आठ-पंधरा दिवसांनी सरुबाई ओटी झाडताना माझ्यावरून फडकं फिरवते. आरीची रेघ तिच्या बोटाला लागते, तिथं ती तेलाचं बोट ओढते. रेघ अजून दिसते, पण गंज चढला नाही.

माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात कुणी आपल्या दाराला कडी लावली, तर त्यावर लगेच आपलं कुलूप घालू नका. आधी विचारा. आणि विचारलं, तर ‘काय न्हाई’ म्हणू नका. दोन्ही बाजूंचं ओझं शेवटी माझ्यासारखीच्या मानेवर येतं.

आणि छबूबाई? ती अजून कुंपणाला टेकून विमलबाईला सांगत असते, “मी म्हटलं नव्हतं, पिंपरीला खोली बघितलीय म्हणून? माझं कधी खोटं ठरलंय?” मग सरुबाई दारातून म्हणते, “खोटं न्हाई छबू. आर्धं. ये, बस हितं, उरलेलं आर्धं ऐकून जा.”

आणि छबूबाई येते. विरजणाचं भांडं न घेता.